घरे त्यांची, जमीन दुसऱ्याची

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत कॅलिफोर्नियातील लॉक या गावाविषयी आलेला प्रवासलेख वाचला. मराठी वर्तमानपत्राने या गावाची दखल घेतली, याचा आनंद झाला. मुलाबाळांना भेटायला कॅलिफोर्नियात जाणारी आपली मंडळी सॅन फ्रान्सिस्कोचा पूल, योसेमिटीचे धबधबे आणि नापाच्या द्राक्षबागा पाहून परततात. सॅक्रामेंटो नदीच्या काठाकडे क्वचितच कोणी वळते. लेखाची शैली ओघवती आहे आणि छायाचित्रे देखणी आहेत. मात्र ‘काळ जिथे थांबला आहे असे चिनी भुताटकीचे गाव’ असे जे चित्र त्यात रंगवले आहे, तेवढ्यावर विसंबून तिथे जाणाऱ्याच्या हाती कललेल्या लाकडी घरांच्या छायाचित्रांपलीकडे फारसे काही लागणार नाही, असे ते गाव पाहून आल्यावर मला वाटते. लॉकमधली घरे इतकी साधी का, ती कलली तरी उभी का आणि दुरुस्त का झाली नाहीत, तिथली माणसे गेली कुठे, या प्रश्नांची उत्तरे बव्हंशी त्या घरांखालच्या जमिनीच्या मालकीत सापडतात, आणि नेमका जमिनीचा विषय लेखात एकदाही आलेला नाही. म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे, तरी छापावे ही विनंती.

लॉक हे सॅक्रामेंटो शहराच्या दक्षिणेस, मोटारीने पाऊण तासाच्या अंतरावर, नदीच्या पूर्व काठाला बांधाच्या पायथ्याशी वसलेले आहे. बांधावरच्या रस्त्याने येणाऱ्याला आधी गावाची पाठ दिसते. रस्त्याला टेकून उभी असलेली जी एकमजली घरे वाटतात, तो खरे तर त्यांचा वरचा मजला असतो. खाली उतरून गेले की त्याच इमारतींचा तळमजला गावाच्या मुख्य रस्त्यावर उघडतो. हा मुख्य रस्ता अरुंद आहे. त्याच्या दुतर्फा लाकडी सज्जे पुढे आलेल्या दुमजली इमारती, मागे समांतर जाणारी राहत्या घरांची गल्ली आणि तिच्यापलीकडे भाजीपाल्याचे वाफे, एवढ्यात गाव संपते. अमेरिकेच्या ग्रामीण भागात चिनी लोकांनी चिनी लोकांसाठी उभारलेल्या वस्त्यांपैकी सर्वांत मोठी आणि सर्वांत अखंड उरलेली वस्ती म्हणून १९७१ साली ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत या गावाची नोंद झाली आणि १९९० साली त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. लेखात ही माहिती आहे. पण चिनी माणसे मुळात नदीकाठच्या या दलदलीत कशासाठी आली, हे त्यात नाही.

सॅक्रामेंटो आणि सॅन वॉकिन या दोन नद्या समुद्राला मिळण्याआधी देशाच्या आतल्या भागातच एकत्र येतात आणि तिथे त्यांचा त्रिभुज प्रदेश तयार झाला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा सगळा भाग टूली नावाच्या उंच लव्हाळ्यांनी भरलेली, भरती-ओहोटीबरोबर भिजणारी आणि दरवर्षी पुराखाली जाणारी पाणथळ जागा होती. हजारो वर्षे कुजलेल्या लव्हाळ्यांची काळी, भुसभुशीत, जैविक माती हेच तिचे धन. पण पाणी अडवल्याशिवाय तिथे नांगर घालणे शक्य नव्हते. राज्य सरकारने या दलदली स्वस्तात विकायला काढल्या, भांडवलदारांनी त्या घेतल्या आणि मग बंदिस्तीचे काम करायला माणसे हवी झाली. १८६९ च्या मे महिन्यात पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्ग पुरा झाला, तेव्हा सिएरा नेवाडाच्या खडकांतून तो मार्ग खोदणारे हजारो चिनी मजूर मोकळे झाले होते. त्यांतले कित्येक इकडे आले. त्यांच्यातील बहुतेकांचे मूळ चीनच्या दक्षिणेकडील ग्वांगडोंग प्रांतात, म्हणजे पर्ल नदीच्या त्रिभुज प्रदेशात आणि त्याच्या आसपास होते. पाण्यातून शेत उठवणे, बांध घालणे, पाटाची दारे बसवणे ही कामे तिथल्या शेतकऱ्याला पिढ्यानपिढ्या ठाऊक असतात.

फावडी आणि हातगाड्या घेऊन, कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून, हिवतापाने आजारी पडत या लोकांनी मैलोन्मैल बांध घातले. मजुरी पुष्कळदा दिवसावर न ठरता हलवलेल्या मातीच्या घनमापावर ठरे आणि ती मुकादमाच्या हातून मिळे. मऊ जमिनीत घोडे रुतत, म्हणून त्यांच्या खुरांना बांधायचे रुंद जोडे इथे वापरात आले आणि त्या युक्तीचे श्रेय चिनी मजुरांना दिले जाते. १८६० ते १८८० या दोन दशकांत त्यांनी अशा रीतीने सुमारे ८८ हजार एकर जमीन लागवडीखाली आणली, असा आकडा सर्वत्र दिला जातो. पुढे वाफेवर चालणारी गाळ उपसण्याची यंत्रे आली आणि हाताने बांध घालण्याचे दिवस संपले, तेव्हा हीच माणसे त्या जमिनीवर मजूर आणि खंडकरी म्हणून राहिली. बटाटा, कांदा, अ‍ॅस्परॅगस आणि पेअरच्या बागा यांवर हा भाग संपन्न झाला. चिन लुंग नावाचा एक चिनी खंडकरी बटाट्याच्या लागवडीत एवढा वर आला की लोक त्याला बटाट्याचा राजा म्हणत. मात्र राजा म्हटले तरी खाली जमीन दुसऱ्याची, ही स्थिती या भागातल्या बहुतेक चिनी शेतकऱ्यांची होती.

कायदा इथूनच आडवा येतो. अमेरिकेत जन्मलेल्या चिनी माणसाला जन्माने नागरिकत्व मिळे. पण बाहेरून आलेल्या चिनी माणसाला ते कधीच मिळू शकत नसे, कारण नागरिकत्व देण्याचा कायदा गोऱ्या आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांपुरताच होता. १८८२ च्या बहिष्कार कायद्याने चिनी मजुरांच्या प्रवेशावर बंदी घातली आणि न्यायालयांनी चिनी लोकांना नागरिकत्व देऊ नये, असेही स्पष्ट लिहून ठेवले. हा धागा धरून कॅलिफोर्नियाने १९१३ साली परकीयांच्या जमिनीसंबंधीचा कायदा केला. त्याच्या शब्दांत चिनी किंवा जपानी असे कुठेही म्हटलेले नाही. ‘नागरिकत्वास अपात्र असलेले परकीय’ एवढेच म्हटले आहे. अशा परकीयांना शेतजमीन विकत घेता येणार नाही आणि तिचा भाडेपट्टाही तीन वर्षांहून जास्त मुदतीचा करता येणार नाही, अशी तरतूद झाली. रोख मुख्यतः जपानी शेतकऱ्यांवर होता, पण फटका सगळ्या आशियाई लोकांना बसला. कोणाचे नाव न घेता कोणाला बाहेर ठेवायचे ते ठेवणारी इतकी सफाईदार कायद्याची भाषा मी क्वचितच वाचली आहे.

हा कायदा होऊन दोन वर्षे झाली होती. लॉकच्या दक्षिणेला, चालत जाता येईल इतक्या अंतरावर वॉलनट ग्रोव्ह नावाचे गाव आहे. तिथल्या चिनी वस्तीत ग्वांगडोंगमधल्या दोन निरनिराळ्या भागांतून आलेले, दोन निरनिराळ्या बोली बोलणारे लोक राहत. ऑक्टोबर १९१५ मध्ये ही वस्ती आगीत जळाली. त्यांपैकी झोंगशान भागातल्या लोकांनी जुन्या जागी पुन्हा घरे न बांधता वेगळी वस्ती करायचे ठरवले. ली बिंग नावाच्या व्यापाऱ्याच्या पुढाकाराने काही जण जवळचे बागाईतदार जॉर्ज लॉक यांच्याकडे गेले आणि त्यांच्या पेअरच्या बागेला लागून असलेली जागा मागितली. तिथे काही चिनी व्यापाऱ्यांच्या मोजक्या इमारती आधीच उभ्या होत्या. जागा विकत घेणे शक्य नव्हते, त्यामुळे जमीन भाड्याने घ्यायची, तिच्यावर घरे आपल्या पैशांनी बांधायची आणि घरे आपली मानायची, असा करार झाला. तो तोंडी होता. लॉक हे गाव या तोंडी शब्दावर उभे राहिले आणि त्याच शब्दावर अनेक दशके टिकले. लॉक कुटुंबाने तो पाळला, हे नमूद करायला हवे. पण कोणाच्या भलेपणावर अवलंबून असलेले गाव आणि खरेदीखत हातात असलेले गाव यांत जो फरक असतो, तो लॉकच्या प्रत्येक भिंतीवर दिसतो.

लेखात इथल्या इमारतींना ‘पारंपरिक चिनी वास्तुशैलीचा नमुना’ म्हटले आहे, ते बरोबर नाही. पैसा आणि आखणी चिनी लोकांची असली, तरी सुतारकाम स्थानिक गोऱ्या कारागिरांनी केले, आणि त्या काळी पश्चिम अमेरिकेच्या कोणत्याही छोट्या गावात दिसतील तशाच या लाकडी फळ्यांच्या इमारती आहेत. वळलेली छपरे, नक्षीदार कमानी, लाल-सोनेरी खांब यांतले इथे काही नाही. चिनीपण आहे ते दुकानांवरच्या अक्षरांत, आतल्या व्यवहारात आणि मागच्या वाफ्यांत. सॅन फ्रान्सिस्कोचे चायनाटाउन याच्या अगदी उलट आहे. १९०६ च्या भूकंपानंतर त्या वस्तीला शहराबाहेर हलवण्याचे घाटत होते, तेव्हा चिनी व्यापाऱ्यांनी गोऱ्या वास्तुरचनाकारांकडून मुद्दाम पॅगोडासारख्या दिसणाऱ्या इमारती बांधून घेतल्या, म्हणजे पर्यटक येतील आणि वस्ती हलवणे शहरालाच परवडणार नाही. तिथले चिनी रूप बाहेरच्यांना दाखवण्यासाठी उभे केले गेले. लॉकमध्ये कोणाला काही दाखवायचे नव्हते. शिवाय ज्या जमिनीवरून उद्या उठवले जाऊ शकते, तिच्यावर कोण दगडी पाया घालील? स्वस्त, हलके आणि लवकर उभे राहणारे लाकूड ही तिथे शहाणपणाची निवड होती. आज त्या फळ्यांचे पिचलेपण आपल्याला रम्य वाटते, पण त्यामागे हा हिशेब होता, हे वाचकांना सांगायला हवे होते.

भरभराटीच्या काळात गावात सुमारे सहाशे माणसे राहत आणि हंगामात शेतांवरून येणाऱ्या मजुरांमुळे ही संख्या हजाराच्या पुढे जाई. किराणा, उपाहारगृहे, मजुरांच्या खोल्या, पिठाची गिरणी, चिनी नाट्यगृह आणि जुगाराचे अड्डे यांनी मुख्य रस्ता भरलेला असे. दारूबंदीच्या वर्षांत इथे दारूही मिळे आणि वेश्यागृहेही होती. यामुळे लॉकची ख्याती पापाचे गाव अशी झाली, आणि लेखातही या बाजूवर बराच भर आहे. ती बाजू खोटी नाही. पण दाय लॉय या जुगारगृहाचे आता जे संग्रहालय झाले आहे, त्याच्या काळोख्या दालनात उभे राहिल्यावर पापापेक्षा एकटेपणाचाच विचार मनात येतो. इथे फान-तान खेळला जाई. टेबलावरच्या बटणांच्या ढिगावर वाडगा उपडा घालायचा, उरलेली बटणे बाजूला सारायची, लोकांनी पैजा लावायच्या आणि मग वाडगा उचलून काठीने चार-चार बटणे सरकवत जायचे. शेवटी एक उरते की दोन, तीन की चार, यावर हारजीत. दिवसभर बागेत राबलेला माणूस चहा प्यायला, गावाकडची बातमी ऐकायला, उद्याचे काम कुठे आहे ते विचारायला इथेच येई, आणि जाता जाता मजुरीतले काही इथे ठेवून जाई.

तो घरी का जात नसे, याचे उत्तरही कायद्यातच आहे. बहिष्कार कायद्यातून व्यापाऱ्यांना सूट होती; त्यांना बायको-मुले आणता येत. मजुरांना ती मुभा नव्हती. इथल्या गोऱ्या स्त्रीशी लग्न करण्यास कॅलिफोर्नियाच्या कायद्याने मनाई होती आणि ही मनाई राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने थेट १९४८ साली उठवली. त्यामुळे लॉकमधली कुटुंबे होती ती बव्हंशी दुकानदारांची, आणि बाकीचे गाव एका खोलीत तिघे-चौघे मिळून राहणाऱ्या पुरुषांचे. त्यांतल्या अनेकांच्या बायका समुद्रापलीकडे होत्या, आणि वर्षानुवर्षे पैसे पाठवणे एवढाच त्यांचा संसार होता. १९५१ साली राज्य सरकारने जुगाराचे अड्डे बंद केले, तेव्हा दाय लॉयलाही कुलूप लागले. प्रवासलेखात ही घटना सुधारणेचा विजय म्हणून आली आहे. म्हाताऱ्या झालेल्या त्या माणसांनी त्यानंतर संध्याकाळी कुठे बसायचे, हा प्रश्न माझ्या मनात राहिला.

शाळांचेही तसेच. या भागातल्या काही गावांत आशियाई मुलांसाठी वेगळ्या सरकारी शाळा होत्या. वॉलनट ग्रोव्हमध्ये अशी शाळा होती आणि लॉकची मुले तिथे जात. तिथून परतल्यावर संध्याकाळी ती गावातल्या चिनी शाळेत बसत. नॅशनल डॉलर स्टोअर्स या दुकानांच्या साखळीचे मालक जो शूंग यांच्या देणगीमुळे या शाळेला त्यांचे नाव मिळाले आहे. शूंग यांचे घराणेही झोंगशानचेच, आणि चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत्-सेनही मूळचे तिथले. त्या परगण्याचे नावच १९२५ साली त्यांच्या स्मरणार्थ बदलले गेले. गावाच्या टोकाला, रेल्वेच्या कामगारांसाठी १९०९ च्या सुमारास बांधलेली एक खानावळवजा निवासाची इमारत आहे. एका जपानी कुटुंबाने ती बरीच वर्षे चालवली आणि १९४२ साली पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी लोकांना छावण्यांत डांबले गेले तेव्हा तीही त्यांच्या हातून गेली. आज तिथे राज्याच्या उद्यान विभागाचे छोटे, नेटके संग्रहालय आहे. गावात शिरताना आधी तिथे जावे, असे मी सुचवीन. लेखात मात्र त्याचा उल्लेख नाही.

एक गोष्ट मराठी वाचकाला जास्त जवळची वाटेल, म्हणून सांगतो. लॉकपासून फार दूर नसलेल्या स्टॉकटन शहरात १९१२ साली पंजाबी शेतमजुरांनी गुरुद्वारा स्थापन केला. या मंडळींनीही याच त्रिभुज प्रदेशात मजुरी केली, जमिनी खंडाने घेतल्या, आणि गदर चळवळीला त्यांच्यातूनच पैसा आणि माणसे मिळाली. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, असा निकाल दिला. त्या निकालाबरोबर हिंदी लोकही ‘नागरिकत्वास अपात्र’ ठरले आणि १९१३ चा तोच जमिनीचा कायदा त्यांच्याही गळ्यात पडला. मित्रांच्या किंवा इथे जन्मलेल्या मुलांच्या नावाने जमिनी ठेवून पुष्कळांनी दिवस काढले. हिंदी लोकांना नागरिकत्वाचा मार्ग १९४६ साली मोकळा झाला. ‘चिनी लोकांचे दुर्दैव’ म्हणून लॉककडे बाहेरून पाहण्याची सोय आपल्याला नाही, ती या कारणाने.

चिनी लोकांवरची बंदी त्याआधी, १९४३ साली, महायुद्धात चीन मित्रराष्ट्र झाल्यावर उठली. तरी वर्षाला फक्त १०५ जणांना प्रवेश द्यायचा, असा कोटा ठेवला गेला. जमिनीचा कायदा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली घटनाबाह्य ठरवला. दारे उघडली ती अशी, आणि लॉक रिकामे व्हायला लागले ते साधारण याच काळात. गावातली शिकलेली मुले सॅक्रामेंटोला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात नोकऱ्या धरून, तिथे स्वतःच्या नावावर घरे घेऊ लागली. जे आईवडिलांना जन्मात शक्य झाले नाही ते त्यांना शक्य होते, आणि त्यांनी ते केले यात शोक करण्यासारखे काही नाही. शोक करायचाच तर पुढच्या गोष्टीचा. कायदा गेला, तरी लॉकची जमीन एकाच मालकाची, अविभाजित राहिली. घरमालकाला आपल्या घराखालचा तुकडा वेगळा विकत घेता येईना. आणि दुसऱ्याच्या जमिनीवरच्या घराच्या मोठ्या दुरुस्तीत पैसा घालण्याचे धाडस कोण करणार? लेखात ज्याला ‘काळाने केलेले सुंदर रंगकाम’ म्हटले आहे, त्याचे खरे कारण असे आहे.

१९७७ साली लॉक कुटुंबाकडून हे सगळे गाव हाँगकाँगच्या विकासकांच्या एका कंपनीने विकत घेतले. घरबांधणी आणि पर्यटन यांच्या मोठ्या योजना होत्या. त्या फळाला आल्या नाहीत. दरम्यान सांडपाण्याची व्यवस्था मोडकळीला आली आणि गाव राहण्यालायक ठेवणेच कठीण झाले. शेवटी २००१ साली सॅक्रामेंटोच्या सार्वजनिक गृहनिर्माण व पुनर्विकास संस्थेने अडीच लाख डॉलरला जमीन घेतली, तिचे भूखंड पाडले, आणि २००४ साली ते घरमालकांना विकण्याची व्यवस्था झाली. म्हणजे गाव वसल्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी सातबाऱ्यावर नाव लागण्यासारखी गोष्ट लॉकमध्ये घडली. आणि तोवर ज्यांच्या नावावर ते लागायला हवे होते त्यांतली बहुतेक माणसे उरली नव्हती. आता गावाची वस्ती शंभराच्याही आत आहे आणि तिच्यात चिनी वंशाची माणसे थोडीच आहेत. बाकीचे चित्रकार, दुकानदार, निवृत्त लोक.

‘भुताटकीचे गाव’ हा शब्द मला खटकला तो म्हणूनच. या घरांत माणसे राहतात. मागच्या गल्लीत कपडे वाळत असतात, वाफ्यांना पाणी घातलेले असते, एका अंगणात तर जुन्या शौचकूपांत फुलझाडे लावून कोणी तरी विनोदबुद्धीचा छान नमुना मांडून ठेवला आहे. ओसाड गाव म्हणून येणारे पर्यटक खिडक्यांना डोळे लावून आत पाहतात आणि जिने चढून सज्ज्यांवर जातात. काही जिने तर मुळीच भरवशाचे नाहीत. जाणाऱ्यांनी घरांच्या दारात न घुटमळता रस्त्यावरून पाहावे, दाय लॉय, शाळा आणि निवासाचे संग्रहालय यांना वेळ द्यावा, एखाद्या दुकानात चार पैसे खर्च करावेत. संग्रहालयांच्या वेळा मर्यादित असतात, त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करावी. शनिवार-रविवार त्यातल्या त्यात सोयीचा. शांतता मात्र हवी असेल तर आठवड्यातला दुसरा कोणताही दिवस बरा. तासाभरात गाव पाहून होते, असे लेखात म्हटले आहे. पायांनी होते, हे खरे.

आणि बांधावर थोडे चालावे. एका हाताला नदी आणि दुसऱ्या हाताला बागा, आणि बागांची पातळी नदीच्या पाण्यापेक्षा खाली, हे दृश्य पाहिल्याशिवाय या भागाची कळ समजत नाही. ज्या काळ्या मातीसाठी ही जमीन उठवली, ती माती हवा लागली की हळूहळू जळून, म्हणजे हवेशी संयोग पावून, नाहीशी होते. त्यामुळे बंदिस्त केलेली बेटे खचत गेली आणि आज त्यांतली काही समुद्रसपाटीपासून पंधरा-वीस फूट आणि त्याहूनही खाली आहेत. या त्रिभुज प्रदेशात सुमारे अकराशे मैल लांबीचे बांध आहेत, आणि दक्षिण कॅलिफोर्नियापर्यंत अडीच कोटींहून अधिक लोकांना मिळणाऱ्या पाण्याचा काही ना काही भाग याच प्रवाहांतून उचलला जातो. भूकंप झाला, पूर आला, बांध फुटले तर काय, यावर त्या राज्यात सतत वाद चालू असतात. चिनी मजुरांनी हातांनी घातलेले मूळ बांध आता नव्या मातीखाली आणि दगडांखाली गेले आहेत, पण त्यांची आखणी बऱ्याच ठिकाणी तीच आहे. लॉकच्या मुख्य रस्त्यावरच्या फलकांपेक्षा या मजुरांचे काम इथे जास्त ठळक दिसते. त्यावर नाव कोणाचेच लिहिलेले नाही.

या विषयावर आपण पुन्हा लेख देणार असाल, तर वॉलनट ग्रोव्ह आणि आयल्टन या जवळच्या गावांनाही त्यात जागा मिळावी. आयल्टनमधली चिनी आणि जपानी पेठ १९२६ च्या आगीनंतर पुन्हा बांधली गेली, तिच्यातल्या अनेक दर्शनी भिंतींवर ठोकलेल्या पत्र्यांची नक्षी आजही पाहायला मिळते, आणि तिथल्या एका चिनी संघटनेच्या इमारतीचा जीर्णोद्धार अलीकडे झाला आहे. लॉकहून मोटारीने ती जेमतेम पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर आहे, त्यामुळे एकाच दिवसात दोन्ही पाहता येतात.

आपला नम्र,
एक वाचक